शाळेतल्या मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख कशी करून द्यायची: आधी सांग, मग चालव

मुलांना कोडिंग शिकवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो भाषेचा, स्क्रॅच (रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायची भाषा) घ्यावं की पायथॉन (टाइप करून लिहायची भाषा) की अजून काही, आणि मग सगळी चर्चा तिथेच अडकून बसते. भाषा महत्त्वाची आहेच, पण तिच्या आधी एक सवय येते आणि ती लागली ना की पोरगं पुढे कुठलीही भाषा उचलतं. सवय अशी, की प्रोग्रॅम चालवायच्या आधी तो काय करणार ते तोंडाने सांगायचं, मग चालवायचा, आणि सांगितलं एक न झालं भलतंच असं असेल तर ते का झालं ते शोधायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं, त्यामुळे बाकी काही विसरलात तरी चालेल, 'आधी सांग, मग चालव' एवढं मात्र धरून ठेवा.

हे शिक्षकांसाठी आहे, आईबाबांसाठी आहे आणि धाकट्या भावंडांना शिकवू बघणाऱ्या ताई-दादांसाठीही आहे. तुम्ही स्वतः प्रोग्रॅमर असायलाच हवं असं काही नाही, पण इथला प्रत्येक प्रोग्रॅम मुलांसमोर नेण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने बनवून बघा, नुसता वाचून जाऊ नका, कारण मुलं ज्या जागी अडकतात त्या जागा वाचताना दिसतच नाहीत. वय साधारण ८ ते १४ धरलंय. त्याहून लहान, म्हणजे ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनियर नावाचं वेगळं ॲप आहे, त्यात ब्लॉकवर शब्दांऐवजी चित्रं असतात त्यामुळे अजून वाचता न येणारं मूलही ते वापरू शकतं, पण त्याची तऱ्हा वेगळी आहे म्हणून ते इथे घेत नाही.

तयारी

फार काही लागत नाही. एक साधा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, त्यावर स्क्रॅच, आणि वही-पेन्सिल. स्क्रॅच फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि इंटरनेटचा भरवसा नसेल तर डाउनलोड करून ऑफलाईनही चालतं. अकाउंट काढायची सुरुवातीला अजिबात गरज नाही, एडिटर तसाच उघडतो आणि केलेलं काम फाईल म्हणून कॉम्प्युटरवर सेव्ह करता येतं. पुढे कधी अकाउंट काढलंच तर युजरनेममध्ये मुलाचं खरं नाव, शाळेचं नाव असलं काही घालू नका.

मुलं जास्त आणि कॉम्प्युटर कमी असतील तर वाईट वाटून घेऊ नका, दोघांत एक कॉम्प्युटर ही मला तरी सगळ्यात चांगली व्यवस्था वाटते. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याने बोलायचं, आणि दर १० मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल घड्याळ लावून करा, मुलांवर सोडू नका, नाहीतर जो जरा धीट असतो तो माऊस सोडतच नाही आणि दुसरा तासभर नुसता बघत बसतो. आणि दोघं बसले की बोलावंच लागतं, 'अरे आता हा फिरेल बघ', 'नाही, आधी पुढे जाईल', म्हणजे आपल्याला हवी असलेली सवय आपोआपच लागायला लागते.

पायरी १: कॉम्प्युटर बंद ठेवा

पहिला तास कॉम्प्युटरशिवाय. जमिनीवर खडूने चौकोन आखा, साधारण ५ बाय ५ चा पट करा, एक-दोन चौकोनात दप्तर नाहीतर खुर्ची ठेवून अडथळा करा. एक मूल रोबोट होईल. रोबोटला फक्त तीनच आज्ञा कळतात: एक पाऊल पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. बाकीच्यांनी वहीत आज्ञांची पूर्ण यादी लिहायची, रोबोटला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं. नियम एकच पण कडक, यादी वाचायला सुरुवात झाली की मध्ये काही बदलायचं नाही. चुकलं तर चुकू दे, शेवटपर्यंत वाचा, मग वहीत दुरुस्त करा आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथे दोन गोष्टी हटकून होतात आणि दोन्ही सोन्यासारख्या आहेत. एक म्हणजे 'उजवीकडे वळ' म्हटल्यावर रोबोट झालेलं मूल वळतं आणि एक पाऊल चालूनही जातं. तिथे थांबवा आणि विचारा, आज्ञेत चालायचं कुठे लिहिलंय? वळणं ही वेगळी आज्ञा आणि चालणं ही वेगळी, हे इथे पायाला कळलं की पुढे स्क्रीनवर अर्धी भांडणं होतच नाहीत. दुसरं म्हणजे रोबोटचं तोंड लिहिणाऱ्याकडे असलं की लिहिणारा स्वतःचं उजवं लिहितो आणि रोबोट भलतीकडे जातो. यावर उपाय मुलं स्वतःच शोधतात, उठून रोबोटच्या मागे जाऊन उभी राहतात किंवा वहीच फिरवतात, तेव्हा घाईने सांगून टाकू नका.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९६७ साली सीमोर पॅपर्ट, वॉली फॉइर्झीग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा तयार केली, तिच्यातलं आज्ञेप्रमाणे चालणारं-वळणारं कासव पुढे जगभर प्रसिद्ध झालं. पॅपर्ट यांचा आग्रह असा होता की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवावं, 'मी इथे असतो तर किती वळलो असतो' असं अंगाने विचार करून बघावं. आज स्क्रॅचमधलं मांजर जे चालतं-वळतं ते याच कासवाचं भावंड आहे.

तास संपायच्या आधी एक मोठी यादी फळ्यावर लिहा ज्यात 'एक पाऊल पुढे' चार-पाच वेळा ओळीने आलंय आणि विचारा, हे कमी लिहून कसं सांगाल? कोणीतरी '५ वेळा' असं लिहायला सुचवतंच. झालं, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं) शिकवून झाला, त्याचं नाव नंतर सांगितलं तरी चालतं. असे कॉम्प्युटरशिवायचे आणखी खेळ हवे असतील तर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीएस अनप्लग्ड' या नावाने भरपूर साहित्य फुकट उपलब्ध करून दिलंय, ते शोधून बघा.

पायरी २: स्क्रॅच उघडा आणि थोडा वेळ गप्प बसा

स्क्रॅच बनवलं अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने, २००७ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं आणि सध्याची ३.० आवृत्ती जानेवारी २०१९ मध्ये आली. डावीकडे रंगीत ब्लॉक, मधे ते जोडायची जागा, उजवीकडे स्टेज आणि त्यावर मांजर. ब्लॉकचे रंग कामाप्रमाणे आहेत, हालचालीचे निळे, दिसण्याचे जांभळे, सुरुवात करून देणारे पिवळे वगैरे, पण हे सगळं पहिल्या दिवशी समजावत बसू नका. मेनूची सहल काढली की मुलं कंटाळतात.

त्याऐवजी १० मिनिटं द्या, काय वाट्टेल ते करा म्हणावं. मांजर ओरडेल, रंग बदलेल, स्टेजच्या कडेला जाऊन बसेल, हसाहशी होईल, होऊ द्या. मग सगळ्यांचे हात माऊसवरून बाजूला काढायला सांगा आणि मोठ्या स्क्रीनवर नाहीतर फळ्यावर हे दाखवा: 'व्हेन ग्रीन फ्लॅग क्लिक्ड', त्याखाली 'मूव्ह १० स्टेप्स', त्याखाली पुन्हा 'मूव्ह १० स्टेप्स', त्याखाली 'से हॅलो'. विचारा, झेंड्यावर क्लिक केलं तर काय होईल? वहीत लिहा. आता दुसरा प्रश्न, झेंड्यावर परत क्लिक केलं तर? बहुतेक मुलं लिहितात की मांजर पहिल्या जागी येऊन पुन्हा चालेल. चालवून बघितलं की कळतं, मांजर जिथे होतं तिथूनच पुढे जातं.

कॉम्प्युटर आपण होऊन काहीही पूर्ववत करत नाही, हे ज्याला इथे कळलं त्याचे पुढचे कितीतरी बग (प्रोग्रॅममधल्या चुका) वाचतात. म्हणून इथूनच पद्धत पाडा, प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला मांजराला घरी पाठवायचं: 'गो टू एक्स ० वाय ०' आणि 'पॉइंट इन डायरेक्शन ९०'. स्क्रॅचमध्ये ९० म्हणजे उजवीकडे तोंड आणि ० म्हणजे वर. स्टेज ४८० रुंद आणि ३६० उंच आहे, मध्यबिंदू ० आणि ०, म्हणजे डावी कड उणे २४० आणि उजवी अधिक २४०, वर १८० आणि खाली उणे १८०. ज्या मुलांनी आलेख शिकलेले नाहीत त्यांनाही हे मांजर इकडेतिकडे ओढून बघताना पटकन कळतं कारण आकडे लगेच बदलताना दिसतात.

पायरी ३: चौकोन, मग त्रिकोण (इथे वेळ घालवा)

सगळ्या लेखातली माझी सगळ्यात आवडती पायरी ही, आणि खरं सांगायचं तर बाकी काहीच करायला वेळ नसेल तरी एवढी करा.

डावीकडे खाली कोपऱ्यात एक्स्टेंशनचं बटण आहे तिथून पेन हे एक्स्टेंशन घ्या. सुरुवातीला 'इरेज ऑल', मांजर घरी, मग 'पेन डाऊन'. आता चौकोन काढायचा. मुलं आधी आठ ब्लॉक ओळीने लावतील, १०० पावलं, ९० अंश वळ, १०० पावलं, ९० अंश वळ, लावू द्या. मग पहिल्या तासाची '५ वेळा'ची आठवण करून द्या, मुलं स्वतःच 'रिपीट' शोधतात आणि आठाऐवजी रिपीटच्या पोटात दोनच ब्लॉक उरतात. चौकोन एकदम डोळ्यासमोर उमटतो, कुठली बाजू आधी आली ते दिसतच नाही, म्हणून लूपच्या आत 'वेट ०.५ सेकंद' टाका. हा छोटासा वेट मुलांच्या फार कामाचा आहे, प्रोग्रॅम हळू चालला की मूल ओळीवर बोट ठेवून त्याच्याबरोबर चालू शकतं.

आता म्हणा, त्रिकोण काढा, तिन्ही बाजू सारख्या. जी मुलं भूमिती शिकलीयेत ती खुशीत येतात, तिन्ही कोन ६० अंशांचे हे त्यांना पाठ असतं. रिपीट ३, मूव्ह १००, टर्न ६०. आधी सांग काय दिसेल? त्रिकोण. चालव. आणि स्क्रीनवर येतं काहीतरी उघडं, वाटीसारखं, त्याची टोकं जुळतच नाहीत.

या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ना ती मोडू नका. उत्तर सांगायचा मोह होतो, आवरा. एखादा म्हणतो स्क्रॅच बिघडलंय. एखादी म्हणते अजून एक बाजू वाढवूया, मग ३ चे ४ करतात, ५ करतात, ६ केल्यावर षटकोन पूर्ण होतो आणि आता प्रश्न अजून गोड झालेला असतो, ६० अंशांनी षटकोन का आला? इथे एका मुलाला उठवा आणि जमिनीवर त्रिकोण चालायला लावा. एका बाजूवरून चालत कोपऱ्यावर आला, आता दुसऱ्या बाजूकडे तोंड करायचंय, तर त्याला किती वळावं लागलं? काटकोनाहून जास्त फिरावं लागतं की. त्रिकोणाच्या आतला कोन ६० आहे पण मांजर वळतं बाहेरून, १८० वजा ६० म्हणजे १२०. चौकोनात आतलाही ९० आणि बाहेरचाही ९० म्हणून तिथे हा घोळ लपून गेला होता.

१२० टाकून त्रिकोण जुळला की लगेच पुढचा प्रश्न, पंचकोनाला किती? मुलं वहीत तक्ता करतात, ३ बाजू १२०, ४ बाजू ९०, ६ बाजू ६०, आणि कोणालातरी दिसतं की गुणाकार दरवेळी ३६० येतोय, कारण मांजर शेवटी एक पूर्ण गोल फिरूनच मूळ दिशेला येतं. मग ३६० भागिले ५ म्हणजे ७२. चालवायच्या आधी बरोबर सांगता आलं याचा जो आनंद असतो तो काही वेगळाच. पुढे ज्यांना खाज आहे त्यांना द्या: रिपीट ५, टर्न १४४, आधी कागदावर काढून बघा काय येईल (चांदणी येते, आणि एकूण वळण ७२० म्हणजे दोन पूर्ण गोल). आणि रिपीट ३६०, मूव्ह १, टर्न १, वर्तुळ. हे वर्तुळ पूर्ण व्हायला साधारण १२ सेकंद लागतात, कारण स्क्रॅच सेकंदाला सुमारे ३० वेळा चित्र रंगवतं आणि लूपचा एक फेरा एका चित्राला जातो. कोणी विचारलंच एवढा वेळ का, तर ३६० भागिले ३० त्यालाच करायला सांगा.

पायरी ४: गुण मोजणारा खेळ

आता खेळ, कारण मुलं मुळात याचीच वाट बघत असतात. मांजर माऊसच्या मागे मागे जातं आणि एक चेंडू आहे, चेंडूला शिवलं की एक गुण. यासाठी व्हेरिएबल लागतो, म्हणजे बदलणारा आकडा ठेवायची नाव दिलेली डबी. व्हेरिएबलची व्याख्या लिहून देऊ नका, 'गुण' नावाचा व्हेरिएबल बनवा (नाव देवनागरीत दिलेलं चालतं), तो स्टेजच्या कोपऱ्यात दिसायला लागतो, त्याचा आकडा बदलताना दिसतो, मुलांना तेवढं पुरतं.

मांजराचा प्रोग्रॅम सोपा आहे, 'फॉरएव्हर' (कायम चालणारा लूप) मध्ये 'गो टू माऊस पॉइंटर'. चेंडूचा प्रोग्रॅम मुलं साधारण असा लिहितात: झेंडा, मग 'इफ टचिंग स्प्राईट१ देन चेंज गुण बाय १' (स्प्राईट१ म्हणजे आपलं मांजर). चालवतात, चेंडूवरून माऊस फिरवतात, काहीच होत नाही. कारण? झेंडा क्लिक केल्या क्षणी एकदाच तपासणी झाली, तेव्हा मांजर शिवलेलं नव्हतं, प्रोग्रॅम संपला. हे शोधायला मदत म्हणून विचारा, 'हे तपासायचं काम किती वेळा होतंय?' मग फॉरएव्हर येतो.

फॉरएव्हर आला की पुढची गंमत. मांजर चेंडूला जरा शिवलं की गुण ३०, ४०, ५० असे धावत सुटतात. एकदाच तर शिवलं! पण शिवलेलं मांजर तिथेच आहे आणि कॉम्प्युटर सेकंदाला ३० वेळा विचारतोय, शिवलंय का, शिवलंय का, आणि दरवेळी एक गुण देतोय. उपाय मुलांकडूनच काढा, गुण दिला की चेंडूला लगेच 'गो टू रँडम पोझिशन' ने पळवून लावा. आता नीट चालतं, फक्त क्वचित एकाच वेळी दोन गुण मिळतात, आणि एखादं चौकस मूल ते पकडतंच: चेंडू पळाला तोच पुन्हा मांजराच्या अंगावर आला. असं मूल सापडलं की सगळ्यांसमोर त्याला ते समजावून सांगायला लावा.

तिसरी गोष्ट, खेळ पुन्हा सुरू केला तर गुण मागचेच राहतात. पायरी २ मधलं आठवतंय ना, आपण होऊन काही पूर्ववत होत नाही. 'सेट गुण टू ०' हवं. काही जण ते फॉरएव्हरच्या आत टाकतात आणि मग गुण शून्याच्या पुढे सरकतच नाहीत किंवा १ दिसून लगेच ० होतो. ब्लॉक तोच, जागा बदलली की अर्थ बदलला. त्यामुळे या खेळाला एक अख्खा तास नाहीतर दोन तास गेले तरी हरकत नाही.

पायरी ५: आकडा ओळखा

कॉम्प्युटर १ ते १०० मधला एक आकडा मनात धरतो, आपण ओळखायचा, तो मोठा की लहान ते सांगतो. 'गुपित' व्हेरिएबलमध्ये 'पिक रँडम १ टू १००', मग 'रिपीट अनटिल आन्सर = गुपित' (आन्सर म्हणजे मुलाने टाइप केलेलं उत्तर), आत 'आस्क अँड वेट' आणि दोन इफ.

ठेचा कुठे लागतात ते सांगून ठेवतो. पिक रँडम लूपच्या आत गेला तर दर वेळी नवीन आकडा धरला जातो, मुलं हैराण होतात की ५० पेक्षा मोठा म्हणाला आणि मग ६० पेक्षा मोठा, ५५ पेक्षा लहान असं कसं, त्यांना गुपित व्हेरिएबल स्टेजवर दाखवायची टिक करून द्या, बदलताना दिसला की उलगडतं. नुसता 'से' वापरला तर सूचना दिसायच्या आत पुढचा प्रश्न तिच्यावर येतो, म्हणून 'से फॉर २ सेकंड्स' घ्या. आणि की-बोर्ड मराठीत असेल आणि मुलाने ५० देवनागरीत टाइप केलं तर स्क्रॅच त्याला आकडा मानत नाही, तुलना चुकते, की-बोर्ड इंग्रजीवर आणा.

खेळ चालायला लागला की खरा तास सुरू होतो. किती प्रयत्नांत ओळखलं ते मोजायला दुसरा व्हेरिएबल टाका आणि स्पर्धा लावा. थोड्या वेळाने कोणीतरी नेहमी ५० पासूनच सुरुवात करतंय हे बाकीच्यांच्या लक्षात येतं. मग विचारा, शहाणपणाने खेळलं तर जास्तीत जास्त किती प्रयत्न लागतील? दरवेळी उरलेले निम्मे बाद, १०० चे ५०, ५० चे २५, १२, ६, ३, १, म्हणजे ७ प्रयत्नांत कुठलाही आकडा सापडतो. १ ते १००० केलं तर? बहुतेक जण ७० म्हणतात. उत्तर १० आहे, फक्त तीन वाढले. आधी अंदाज लिहून घ्या आणि मग चालवा, हा धक्का त्यांनी स्वतः खाल्लेला बरा.

अडकलेल्या मुलाला मदत कशी करायची

ही पायरी नाही, हे सगळीकडेच लागू आहे. मुलाच्या माऊसला हात लावायचा नाही, कितीही सोपं असलं तरी. तुम्ही ब्लॉक हलवून दिला की प्रोग्रॅम चालतो आणि शिकणं थांबतं, मूल पुढच्या वेळी सरळ हात वर करून बसतं. त्याऐवजी तीनच प्रश्न विचारा: तुला काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? पहिल्या ब्लॉकवर बोट ठेव आणि सांग इथे काय होतं? निम्म्या वेळा मूल तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता देताच 'हां हां कळलं' म्हणतं. नाहीच कळलं तर प्रोग्रॅमचे दोन तुकडे करायला सांगा, अर्धा बाजूला ओढून ठेवायचा आणि राहिलेला चालवून बघायचा, बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं (आणि हीच निम्मे करायची युक्ती आकडा ओळखताना वापरली होती, सांगा त्यांना).

'चूक झाली' हा शब्द शिक्षा दिल्यासारखा वापरू नका. अंदाज चुकला की वहीत लिहायचं, मी काय समजलो होतो आणि खरं काय आहे. ही वही महिन्याभराने चाळा, मुलाला किती आलं ते कुठल्याही परीक्षेपेक्षा तिच्यात जास्त कळतं. परीक्षा घ्यायचीच असेल तर लूपची व्याख्या लिहा वगैरे विचारू नका, एक छोटा प्रोग्रॅम छापून द्या आणि तो काय करेल ते विचारा, किंवा त्याचे ब्लॉक उलटसुलट करून द्या आणि जागेवर लावायला सांगा.

पायरी ६: स्वतःचा प्रोजेक्ट

आता त्यांचं त्यांना करू द्या, पण मोकळं सोडलं की सगळ्यांनाच दहा लेव्हलचा खेळ बनवायचा असतो आणि दोन तासांत रडारड होते. म्हणून आधी कागदावर तीन ओळी लिहून घ्या, काय दिसेल, कोणती की दाबली की काय होईल, खेळ कधी संपेल. त्यातलं सगळ्यात छोटं काम आधी पूर्ण चालतं करायचं आणि मग एकेक गोष्ट वाढवायची, आणि प्रत्येक वाढवल्यावर वेगळ्या नावाने सेव्ह करायचं म्हणजे बिघडलं तर मागे जाता येतं. ज्याला काहीच सुचत नाही त्याला रिकामी स्क्रीन देऊ नका, चालता प्रोग्रॅम द्या आणि त्यात तीन बदल करायला सांगा, त्यातूनच पुढचं सुचतं. आणि सगळ्यांना खेळच आवडतो असं नाही, कोणी गोष्ट सांगणारं ॲनिमेशन करेल, कोणी नक्षी, कोणी पाढ्यांची प्रश्नमंजुषा, सगळं सारख्याच मोलाचं आहे हे तुमच्या वागण्यातून दिसू द्या.

हाताने काही हलवायला-लावायला आवडणाऱ्या मुलांसाठी मायक्रोबिट नावाचं छोटं बोर्ड आहे, बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळांत वाटलेलं, त्यावर २५ छोटे दिवे आणि दोन बटणं असतात, प्रोग्रॅम ब्लॉकनेही करता येतो आणि बोर्ड नसलं तरी स्क्रीनवर त्याची नक्कल चालवून बघता येते.

पायरी ७: पायथॉन कधी आणि कसं

वयाकडे बघून ठरवू नका. मूल स्क्रॅचमध्ये लूपच्या आत इफ, दोन-तीन व्हेरिएबल असा प्रोग्रॅम मदतीशिवाय करतंय आणि टायपिंग बऱ्यापैकी येतंय, तर ते तयार आहे. पायथॉन गुइडो व्हान रोसम यांनी बनवलं, १९९१ साली पहिल्यांदा बाहेर आलं, फुकट आहे आणि नेहमीच्या डाउनलोडसोबतच आयडल नावाचा साधा एडिटर आणि टर्टल नावाचं मॉड्यूल (वापरायला तयार कोडची फाईल) येतं. टर्टल म्हणजे तेच लोगोचं कासव! म्हणून पायथॉनचा पहिला प्रोग्रॅम नवीन काहीतरी नको, पायरी ३ चा चौकोनच करा. शेजारी स्क्रॅचचा चौकोन उघडा ठेवा आणि ब्लॉकसमोर ओळ अशी जुळणी करत जा. मुलाला कळतं की विचार तोच आहे, फक्त आता तो टाइप करावा लागतोय.

पहिल्या दिवशीच्या अडचणी ठरलेल्या आहेत. मुलं फाईलला टर्टल हेच नाव देतात आणि मग पायथॉन खऱ्या मॉड्यूलऐवजी त्यांचीच फाईल उघडून बसतो आणि न कळणारा एरर येतो, नाव 'चौकोन' किंवा काहीही दुसरं द्या. इफ आणि फॉरच्या ओळीशेवटी कोलन राहतो. आतल्या ओळी आत सरकवायच्या राहतात, आणि ब्लॉकमध्ये जी ओळ लूपच्या पोटात दिसायची ती इथे फक्त रिकाम्या जागेने कळते, हे जुन्या ब्लॉककडे बोट दाखवून सांगितलं की पटतं. एरर आला की लाल अक्षरं बघून घाबरतात, त्यातली सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचायची आणि मग ओळीचा नंबर बघायचा, एवढं शिकवा.

आणि एक जरूर करून बघा. दोन आकडे इनपुटने विचारायचे आणि बेरीज छापायची, मूल ५ आणि ३ देतं. आधी सांग काय येईल? आठ. येतं ५३. इनपुटमधून आलेली गोष्ट पायथॉनसाठी मजकूर असते आणि दोन मजकूर अधिक केले की ते एकमेकांना चिकटतात, आकडा हवा असेल तर 'इंट' ने आकडा करून घ्यावा लागतो. इथे मात्र देवनागरी ५ आणि ३ टाइप केले तरी इंट ते नीट ओळखतो आणि बेरीज आठच येते. स्क्रॅचमध्ये देवनागरी आकड्यांनी खेळ बिघडला होता हे ज्या मुलाला आठवतंय ते इथे विचारणारच की तिथे का नाही चाललं आणि इथे का चाललं. उत्तर सोपं आहे, दोन्ही बनवणाऱ्यांनी आकडा कशाला म्हणायचं ते आपापल्या परीने ठरवलं, आणि प्रत्येक भाषेत असे नियम तपासूनच घ्यावे लागतात. मग त्यालाच विचारा, अजून काय काय टाइप करून बघूया, दशांश चिन्ह, रिकामी जागा, अक्षरी 'पाच'? प्रत्येकासमोर आधी अंदाज लिहायचा, मग एंटर.